स्टिअरिंग जिवंत ठेवा

माझ्या गॅरेजात येणारा प्रत्येक माणूस आधी तोंडाने गाडीचा आवाज काढून दाखवतो. "खड्ड्यातून गेली की खट् करते... नाही, कटक्... नाही नाही, जरा घोगरं, खॉट्!" मी म्हणतो, साहेब, गाडी घेऊन आलात ना, मग तिलाच बोलू द्या. यावरून मी तिरसट म्हणून प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. पण ज्यांनी माझ्या ताईला पाहिलंय ते मला मवाळ समजतात. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घरात जेवढा म्हणून राग होता त्यातला मोठा वाटा तिने उचलला, मला उरलासुरला मिळाला.

ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. एकच पांढरी गाडी, छतावर पिवळी पाटी, आणि बाजूच्या सीटखाली तिचे स्वतःचे जादा ब्रेक-क्लच. बावीस वर्षं तिने याच कामात काढली आणि सहा-सातशे माणसांना रस्त्यावर आणलं. तिच्या गाडीत बसलेला माणूस कितीही मोठा असो, तो "अरे" होतो आणि बाई असेल तर "अगं". एका न्यायाधीशांना तिने भर चौकात विचारलं होतं, "अरे, क्लचवर पाय ठेवून झोपलास का?" न्यायाधीश "नाही ताई" म्हणाले होते.

तिच्या शिकवण्याचं एक तत्त्व होतं. स्टिअरिंग जिवंत ठेवा. म्हणजे हात स्वस्थ ठेवायचेच नाहीत. रस्ता सरळ असला तरी स्टिअरिंग सारखं जरा इकडे, जरा तिकडे हलवत राहायचं. "मेलेलं स्टिअरिंग धरलंस तर गाडी तुझं कशाला ऐकेल?" असं ती विचारायची.

माझं गॅरेज चौकात, सिग्नलच्या समोरच आहे. दारात उभं राहून चहा पिता पिता मी ताईचे विद्यार्थी ओळखायचो. हिरवा दिवा लागला, गाडी सुटली आणि चालवणाऱ्याचे खांदे डुलायला लागले की समजायचं. "हा ताईचा," मी बायकोला सांगायचो. ती गॅरेजची कागदपत्रं बघते, त्यामुळे दारातली करमणूक तिलाही फुकटात मिळते. "ती निळ्या गाडीतली पण ताईचीच," ती म्हणायची. मग आम्ही दोघं हसायचो. असे आम्ही नऊ वर्षं हसलो.

नऊ वर्षं म्हणायचं कारण असं की नऊ वर्षांपूर्वी ताईची गाडी क्लच बदलायला माझ्याकडे आली होती. उद्या देतो म्हणालो आणि पाचव्या दिवशी दिली. तिचे अकरा विद्यार्थी खोळंबले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. आता ती तिच्या घराजवळच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे जाते. तिथे गाडी धुतात, तेल बदलतात, आत वासाचा कागद टांगतात आणि हसून परत देतात. आमचं बोलणं-चालणं मात्र तुटलं नाही. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला असते. फक्त गाडी हा विषय काढायचा नाही.

त्या रविवारी तो विषय तिनेच काढला.

"पुढच्या महिन्यात मी पाटी उतरवतेय," ती म्हणाली. मीठ मागावं इतक्या सहज.

"रंग द्यायला?" मी विचारलं.

"नाही रे. कायमची. स्कूल बंद."

बायकोचा डाव हातातच राहिला. मग ताईने सगळं सांगितलं. परवाना कार्यालयात नवे साहेब आले होते. जुने साहेब सावलीत खुर्ची टाकून बसायचे. गाडी मैदानाच्या टोकाला जाऊन कोणाला न चिरडता परत आली की शिक्का मारायचे. नव्या साहेबांनी मैदानात दोन पांढऱ्या रेघा आखून घेतल्या. त्यांच्यामधून शेवटपर्यंत सरळ गाडी न्यायची. रेघेला चाक लागलं की नापास. ताईचे चार विद्यार्थी पाठोपाठ त्या रेघांनी खाल्ले होते, आणि पाचव्या टेलरबाई, त्या तर दोनदा.

"दुसऱ्या स्कूलची पोरं पास होतात. माझीच कशी अडखळतात?" ताई म्हणाली. "मी ओरडते, समजावते, हात धरून शिकवते. काही उपयोग नाही. बासष्ट झाले मला. आता माझं शिकवणं कोणाच्या डोक्यात शिरत नाही, एवढंच खरं. शुक्रवारी टेलरबाईंची तिसरी परीक्षा आहे. तेवढी उरकली की संपलं."

ती रागावून बोलली असती तर मी चार टोमणे मारले असते. पण ती शांतपणे बोलत होती. मला माझी ताई ओरडतानाच बघायची सवय आहे. तिने पाटी उतरवली तर ती सकाळी सहाला उठून करणार काय, कोणावर ओरडणार, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

सोमवारी गॅरेज उघडून जेमतेम तासभर झाला असेल, गळ्यात मापाची टेप लटकवलेल्या एक बाई चालत आल्या. त्याच टेलरबाई. मी त्यांना ओळखत होतो, माझ्या दोन पँटी त्यांनी कंबरेत वाढवून दिल्या आहेत.

"दादा, तुमच्याशी ताईंच्या गाडीबद्दल बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी आले होते हे त्यांना सांगू नका."

"आवाज काढून दाखवू नका फक्त."

"आवाज नाही हो. हे बघा, माझ्या शिलाई मशीनचं चाक मी हाताने फिरवलं आणि सुई हललीच नाही, तर मी माझ्या हाताला दोष देत नाही. कुठलातरी स्क्रू सैल झालाय म्हणते आणि तो शोधते. ताईंच्या गाडीत मी स्टिअरिंग एवढं फिरवते," त्यांनी चार बोटं दाखवली, "तरी गाडीला पत्ताच नसतो. मग आणखी जरा फिरवलं की ती एकदम वळते. मग मी घाईने उलटं फिरवते, तिथेही आधी चार बोटं रिकामी जातात. अशी मी रेघेवर जाते."

"ताईला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाल्या, अगं, तुझे हात मेलेले आहेत, स्टिअरिंग जिवंत ठेव."

माझी ट्यूब पेटली ती तिथेच. स्टिअरिंग सैल झालं की माणूस काय करतो? ते सारखं इकडेतिकडे हलवत राहतो, म्हणजे मधली रिकामी जागा हाताला लागू नये. सैलपणा एका दिवसात येत नाही. तो महिन्याला केसाएवढा वाढतो. ताईचे हात त्याच्याबरोबर केसाकेसाने शिकत गेले, आणि हात जे शिकले ते तिने नियम म्हणून दुसऱ्यांना शिकवलं. आणि मी, तीस वर्षं पाना हातात धरलेला माणूस, तो दोष दारात उभा राहून रोज बघत होतो आणि त्याला ताईची स्टाइल म्हणत होतो!

"दादा, बसा जरा," टेलरबाई म्हणाल्या. मी बसलो.

आता प्रश्न हा होता की ताई मला गाडीला हात लावू देईल कशी. मी गाडीत दोष आहे म्हणालो असतो तर तिने मला फाटकाबाहेर काढलं असतं. मी थापा जुळवून पाहत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, खोटं कशाला बोलताय? जे वाटतंय ते सांगा." म्हणून मंगळवारी सकाळी मी ताईकडे गेलो आणि म्हणालो, "ताई, तू बंद करणार आहेसच, तर एकदा मला मागे बसून तुझं शिकवणं बघू दे. मी कधी पाहिलंच नाही."

ती म्हणाली, "मागे बस. आणि तोंड उघडायचं नाही." तिचा आवाज जरा ओला झाला होता. मला स्वतःची लाज वाटली, कारण मी जे बोललो त्यातलं निम्मंच खरं होतं.

टेलरबाई चालवत होत्या. मी दोन सीटांमधून पुढे वाकून फक्त स्टिअरिंगकडे बघत होतो. चार बोटं इकडे, गाडी सरळ. चार बोटं तिकडे, गाडी सरळ. ताई "आरसा! इंडिकेटर! आता ब्रेक, हळू, हळू गं, अंड्यावर पाय ठेवल्यासारखा" असं सांगत होती, आणि ते सगळं इतकं नेमक्या वेळी सांगत होती की मी मनात दाद देत होतो. पण तेवढ्यात तिचा एक हात बाजूने येऊन स्टिअरिंगच्या खालच्या कडेला लागलेला दिसला. टेलरबाईंना जिथे उशीर व्हायचा तिथे ताईचा हात हळूच ते पुढे ढकलायचा. तिचं तिलाही ते ठाऊक नव्हतं. परीक्षेत साहेब तिच्या जागी बसायचे, आणि साहेबांचा हात अर्थातच मांडीवर असायचा.

परत आल्यावर मी म्हणालो, "ताई, पाच मिनिटं खाली वाकून बघतो."

"तुझी पाच मिनिटं म्हणजे पाच दिवस."

"इंजिन बंद. जॅक नाही, पाना नाही. तू फक्त आत बसून स्टिअरिंग जिवंत ठेव."

टेलरबाईंनी टेप तोंडात धरली, हसू आवरायला. ताई धुसफुसत आत बसली आणि स्टिअरिंग इकडेतिकडे हलवू लागली. मी अंगणात उताणा पडून गाडीखाली सरकलो. चाकं जमिनीवर असताना वरून कोणी स्टिअरिंग हलवत राहिलं की खाली जे-जे सैल असेल ते आपण होऊन हात वर करतं. मी एकेका सांध्यावर बोट ठेवत गेलो. डाव्या बाजूला, आडव्या दांड्याच्या टोकाला जो गोळीचा सांधा चाकाला वळवतो, तिथे बोटाला ठक्क लागलं. दांडा हलायचा, मग जरा थांबून चाक हलायचं.

"सापडला!" मी खालून ओरडलो.

"काय सापडला?"

"तुझा सांधा गेलाय!"

"माझे सांधे उत्तम आहेत," ताई म्हणाली.

बाहेर येऊन मी तिला दाखवलं. जॅक लावून चाक अधांतरी केलं, घड्याळात पावणेतीनला काटे असतात तिथे दोन्ही हात धरून हलवलं. टक्, टक्. मग वर-खाली धरून हलवलं, तिथे गप्प, म्हणजे बेअरिंग ठीक. ताईने स्वतः हलवून बघितलं, दोनदा. मग म्हणाली, "बुधवारी संध्याकाळपर्यंत. एक मिनिट उशीर झाला तर गाडी ढकलत नेईन."

बुधवारी दुपारी नवा सांधा बसला. मी ताईला आणि टेलरबाईंना बोलावून घेतलं, बायकोलाही म्हटलं, ये बघायला. हात पुसत, छाती पुढे काढून गाडीत बसलो, चौकाला वळसा घातला आणि माझा चेहरा पडला. चार बोटांची दोन बोटं झाली होती. पण दोन होती.

"बघ," ताई म्हणाली. "हातांचंच आहे म्हटलं होतं."

माझं नाक कापलं गेलं ते बायकोसमोर. पण ताईच्या आवाजात विजय नव्हता, हे मला जास्त लागलं. सांधा सापडला तेव्हा तिला क्षणभर आशा वाटली होती, हे तिने बोलून दाखवलं नव्हतं एवढंच. मी तिला म्हणालो, "ताई, गाडी आज रात्री इथेच राहील." ती नेहमीसारखी भांडली नाही. तेच वाईट लक्षण होतं.

सकाळी मी डोकं खाली, पाय सीटवर अशा अवस्थेत ड्रायव्हरच्या पायाशी शिरलो. स्टिअरिंगचा दांडा पायांजवळ उतरतो तिथे त्याला एक गुडघा असतो. उभा दांडा तिथे वाकून पुढे जातो. बाकी सगळं मी पाहिलं होतं, हा गुडघा पाहिला नव्हता, कारण तो दिसतच नव्हता. ताईचे जादा ब्रेक-क्लच ज्या पट्टीवर बसवले होते, ती पट्टी बरोबर त्याच्यावरून गेली होती. बावीस वर्षांत ती कोणी काढली नव्हती. सर्व्हिसिंगवाल्यांना तर तिच्यामागे काही आहे हेही माहीत नसणार.

मी ताईला फोन केला. "तुझे पेडल काढावे लागतील."

"हात तर लावून बघ!" ती दहा मिनिटांत हजर झाली. "ते पेडल नाहीत, माझे पाय आहेत. त्यांनी मी एक पोस्टमन, दोन सायकली आणि नगराध्यक्ष वाचवलेत."

"संध्याकाळी परत लावतो. तुझ्यासमोर."

"माझ्यासमोरच काढ."

शेवटी टॉर्च तिनेच धरली. पट्टी सुटली तशी आतून लाल भुकटी खाली सांडली, गंजाची. मी एक हात गुडघ्याच्या वर ठेवला, एक खाली, आणि तिला स्टिअरिंग हलवायला सांगितलं. वरचा हात फिरला. खालचा झोपलेला. दोन बोटं फिरून झाल्यावर तो जागा झाला.

"आता तू इथे हात धर," मी म्हणालो. तिने टॉर्च माझ्या तोंडात दिली आणि आपले दोन्ही हात तिथे ठेवले. मी वरून हलवलं. ती बराच वेळ तशीच धरून राहिली.

"कशाने होतं असं?" तिने विचारलं.

"उभ्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग वळवून. तुझे सगळे विद्यार्थी मागे घ्यायला शिकताना तेच करतात. रोज दहा वेळा, वर्षानुवर्षं."

नवा गुडघा तिसऱ्या दुकानात मिळाला. तो बसवला, पट्टी लावली, तिचे पेडल घट्ट केले, पुढच्या चाकांची दिशा जुळवून आणली. गुरुवारी चार वाजता मी गाडी तिच्यापुढे उभी केली. एक बोटही रिकामं जात नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

ताई चालवायला बसली, मी शेजारी. गॅरेजमागचा रस्ता सरळ आणि मोकळा आहे. गाडी सुटली आणि नागमोडी चालायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. ताईचे हात स्टिअरिंग जिवंत ठेवत होते आणि गाडी आता प्रत्येक शब्द ऐकत होती. समोरून येणारा सायकलवाला खाली उतरून बाजूला उभा राहिला. ताईने गाडी थांबवली.

"किती दिवसांचं आहे हे?"

"महिन्याभरातलं असेल. असे सांधे एकदम जातात."

"एकदम?"

"एकदम."

"लहानपणी माझ्या वहीवर शाई सांडलीस तेव्हाही तू असाच माझ्या कानाकडे बघत होतास," ताई म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. सिग्नल, डुलणारे खांदे, निळ्या गाडीतली बाई, चहा पीत मारलेले विनोद, सगळं. तिने मान वळवली नाही.

"म्हणजे नऊ वर्षं तू रोज माझ्या गाडीचं दुखणं बघत होतास."

"हो."

"आणि हसत होतास."

"हो."

"मेकॅनिक ना रे तू?"

मला खरंच खूप वाईट वाटत होतं. गाडी पाच दिवस अडकवली त्याची मी तेव्हा माफीही मागितली नव्हती. मागितली असती तर ती माझ्याकडे परत आली असती आणि हा दोष पहिल्याच वर्षी सापडला असता. तेही मी बोलून टाकलं.

"आणि मी काय केलं?" ताई म्हणाली. "दुखण्याचा नियम केला. अख्ख्या गावाला डुलायला लावलं." मला वाटलं, आता रडते. तर ती हसायला लागली. "न्यायाधीश पण?" तिने विचारलं. "न्यायाधीश सगळ्यात जास्त," मी म्हणालो. मग दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्या पाण्यात थोडं हसण्याव्यतिरिक्तही होतं. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "म्हणजे आता तर पाटी उतरवायलाच हवी. शिकवलं ते चुकीचंच होतं."

गाडी दुरुस्त करून मी तिचं आणखी नुकसान केलं होतं.

संध्याकाळी टेलरबाईंचा शेवटचा तास होता. ताईने त्यांना एवढंच सांगितलं, "अगं, आज हात स्वस्थ ठेव. मी सांगितलेलं विसर." टेलरबाईंनी गाडी काढली आणि सरळ नेली. सरळ म्हणजे सरळ.

"जमलं कसं एकदम?" ताई चकित झाली.

"मशीनवर कापड ढकलायचं नसतं ना ताई, नुसतं धरायचं असतं. मला पहिल्यापासून तसंच करावंसं वाटत होतं. पण तुम्ही ओरडायचात."

शुक्रवारी मैदानात मी आणि ताई कुंपणाशी उभे होतो. साहेब शेजारी बसले, गाडी रेघांच्या तोंडाशी आली. मी तीस वर्षांत शेकडो गाड्या दुरुस्त केल्या, पण चालत्या गाडीकडे बघताना माझी पाचावर धारण बसल्याचं आठवत नाही. ताईने माझं मनगट धरलं होतं आणि तिला ते कळत नव्हतं. गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधून, टेलरबाई शिवण घालतात तशी, शेवटपर्यंत गेली. साहेबांनी कागदावर सही केली आणि जाताना ताईला म्हणाले, "ह्यांना चांगलं शिकवलंत."

"मी शिकवलेलं विसरल्या म्हणून पास झाल्या," ताई म्हणाली. साहेबांना काही समजलं नाही. ते पुढच्या गाडीकडे गेले.

परतताना टेलरबाईच चालवत होत्या. ताई तिच्या नेहमीच्या जागी, मी मागे. ताई खिडकीबाहेर बघत होती. टेलरबाईंनी एक वळण घेतलं, गाडी सावरली आणि मग बोलल्या.

"ताई, आता रागवा हवं तर. ब्रेक कधी, आरसा कधी, समोरच्याचा अंदाज कसा घ्यायचा, हे मला कोणी शिकवलं? स्टिअरिंगचं सोडा. तो स्क्रूचा प्रश्न होता. आणि ते बाकीचे चौघं? ते घरी बसून अजून स्वतःच्या हातांना शिव्या देतायत. त्यांना कोण सांगणार?"

दोन चौक गेले. मग तिने पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला. ती फोनवर नेहमी इतक्या मोठ्याने बोलते की पलीकडच्यालाही तसंच बोलावं लागतं, त्यामुळे सगळं आम्हाला ऐकू आलं. पहिला फोन नर्सबाईंना होता. मार्चमध्ये नापास होऊन त्या परत आल्याच नव्हत्या.

"मी ताई बोलतेय. ऐक, मध्ये बोलू नकोस. माझ्या गाडीचं स्टिअरिंग सैल होतं. दोष गाडीत होता, तुझ्या हातात नव्हता. तीन महिने मी तुझ्या हातांना नावं ठेवली. ते चुकलं माझं."

अठ्ठावन्न वर्षं मी या बाईला ओळखतो. हे शेवटचं वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडून नर्सबाई म्हणाल्या, "ताई, मी तेव्हापासून पेशंटला सुई टोचायच्या आधी हात थरथरतोय का ते बघायला लागले होते हो."

ताईने चष्मा काढला. टेलरबाईंनी वेग कमी केला.

"तुझे हात चांगले आहेत," ताई म्हणाली. "सोमवारी सकाळी सात वाजता ये. उशीर केलास तर बघ."

"म्हणजे स्कूल बंद होत नाहीये? मी तर ऐकलं होतं..."

"कोणी सांगितलं बंद होतंय म्हणून?" ताई खेकसली आणि फोन ठेवला.

मग तिने फोन मागे माझ्याकडे दिला. "दुसरा नंबर लाव रे," ती म्हणाली, "मला दिसत नाहीये." मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.